स्वीट पी वाचवायची तर शेजार बघा

पुण्याची थंडी ज्या फुलांना मानवते त्यांत स्वीट पीचा नंबर बराच वरचा. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला आणि रात्री पांघरूण लागू लागलं, की कुंडीत टाकलेलं बी दहा-बारा दिवसांत वर येतं, डिसेंबरात दोरीवर चढतं आणि जानेवारीत गॅलरी दरवळायला लागते. नेमक्या याच वेळी, कळ्या धरत असताना, एखादी वेल मागे पडते. पानांवर फिकट आणि गडद हिरव्याचे ठिगळासारखे डाग दिसतात, शेंडा आखडतो, पानं सुरकुततात. जांभळ्या फुलात पांढऱ्या रेघा उमटतात, देठ आखूड राहतात. मग आपण दुकानात जातो, लक्षणं सांगतो आणि एक बाटली घेऊन येतो. फवारणी होते, वेल तशीच राहते, आणि आठवड्याभरात शेजारच्या कुंडीतही तेच सुरू होतं.

यात दोष बाटलीचा नसतो. हा विषाणूचा रोग असेल तर त्यावर औषधच नाही. बुरशीला बुरशीनाशक आहे, किडीला कीटकनाशक आहे. पेशीत शिरलेला विषाणू मारून झाड जिवंत ठेवणारं काहीही बागायतदाराच्या हातात नाही. लागण झालेली वेल मरेपर्यंत आजारीच राहते आणि इतरांना आजार देत राहते. म्हणून स्वीट पीचा बंदोबस्त जानेवारीत करायचा नसतो, तो ऑक्टोबरात करायचा असतो. आणि त्यात फवाऱ्यापेक्षा मोठा प्रश्न असतो तो शेजाराचा: या वेलीच्या आजूबाजूला तुम्ही काय लावलं आहे?

पुणं आणि विषाणू म्हटलं की आता सगळ्यांना एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आठवते. पण झाडांच्या विषाणूंशी या शहराची ओळख त्याहून जुनी आहे. जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ मध्येच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या पिकांवर येणाऱ्या मोझॅक रोगांविषयी लिहिलं होतं. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाची नोंद केली, आणि १९५० मध्ये कपूर व वर्मा यांचा त्यावरचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. हा रोग पांढरी माशी पसरवते. शेतकरी त्याला हळद्या म्हणतात. भेंडीला पुढे १९८५ साली मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी क्रांती हा रोगाला दाद न देणारा वाण दिला. स्वीट पीच्या नशिबी अशी क्रांती आलेली नाही. आपल्याकडे बियांची जी पाकिटं मिळतात ती रंग आणि सुगंध बघून निवडलेली असतात. रोगाशी लढायची ताकद त्यांत गृहीत धरू नये.

मावा आणि त्याची सोंड

स्वीट पीवर येणाऱ्या विषाणूंत घेवड्याचा पिवळा मोझॅक हा सर्वांत महत्त्वाचा. त्याशिवाय मटारचा एनेशन मोझॅक आहे, आणि काकडीचा मोझॅक म्हणून ओळखला जाणारा, शेकडो जातींच्या झाडांवर जाणारा विषाणूही आहे. नावांवरून फसू नका. घेवड्याचा मोझॅक घेवड्यापुरता राहत नाही आणि काकडीचा काकडीपुरता राहत नाही. नाव फक्त तो आधी कुणावर सापडला एवढंच सांगतं.

हे तिन्ही मावा पसरवतो. मात्र पसरवण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे, आणि सगळं मार्गदर्शन त्या फरकावर उभं आहे.

मटारचा एनेशन मोझॅक घ्यायला माव्याला रोगट झाडावर बराच वेळ, काही तास, रस शोषत बसावं लागतं. एकदा का विषाणू त्याच्या अंगात भिनला की तो मावा जन्मभर रोग वाटत फिरतो. इथे मावा मारण्याला अर्थ आहे, कारण त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही त्याला गाठू शकता.

घेवड्याच्या पिवळ्या मोझॅकचं तसं नाही. पंख फुटलेला मावा नव्या झाडावर उतरतो तेव्हा आधी चव बघतो. काही सेकंद पानात सोंड खुपसतो, आवडलं नाही तर उडून दुसऱ्यावर बसतो. पहिलं झाड रोगट असेल तर तेवढ्या सेकंदांत विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडात पहिल्याच टोचणीला उतरतो. एकाला टोचलेली सुई न धुता दुसऱ्याला टोचावी तसा हा प्रकार आहे. कीटकनाशकाने तो मावा मरायला काही मिनिटं, काही वेळा तास जातो. काम मात्र त्याने पहिल्या मिनिटातच उरकलेलं असतं. वर काही औषधांच्या उग्र स्पर्शाने मावा बिचकतो, जास्त उडतो, जास्त ठिकाणी सोंड खुपसतो. म्हणजे औषध मारूनही रोग वाढू शकतो.

महाराष्ट्रातल्या पपईच्या बागायतदारांना हे सांगावं लागत नाही. पपईवरचा रिंगस्पॉट आणि स्वीट पीवरचा पिवळा मोझॅक एकाच कुळातले, पॉटीव्हायरस. पपईचा विषाणू स्वीट पीवर येत नाही, तेव्हा आवारातल्या पपईला घाबरू नका. पण त्याची पसरण्याची रीत तीच आहे. म्हणूनच जाणते शेतकरी पपईच्या प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या ओळी लावतात आणि लागवडीची वेळ माव्याचा जोर पाहून ठरवतात.

या रीतीत आपल्या फायद्याची एक गोष्ट दडलेली आहे. सोंडेला चिकटलेला हा विषाणू फार वेळ टिकत नाही. मावा दोन-चार निरोगी झाडांवर टोचून आला, किंवा तास-दोन तास भटकत राहिला, की सोंड बहुतेक साफ होते. म्हणजे मावा आला याचं भय कमी, येताना वाटेत तो कुणावर बसला होता याचं भय जास्त. उदाहरणच द्यायचं तर कुंपणाच्या कण्हेरीवर आणि रुईवर पिवळाजर्द मावा थव्याने असतो. लोक तो पाहून घाबरतात. तो मावा स्वीट पीवर घर करत नाही, आणि कण्हेर ही या विषाणूंची साठवण नव्हे. उलट त्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात, आणि तेच पुढे तुमच्या वेलीवर राखणीला येतात. कण्हेरीवर औषध मारू नका.

टेकड्यांच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प भरपूर लावलेलं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ते फुलतं तेव्हा त्याच्या फुलांच्या तुऱ्यांवर काळा मावा लदबदलेला असतो, आणि तो वाऱ्याबरोबर खाली उतरतो. तिथून येणारा मावा थांबवणं कुणाच्याच हातात नाही. त्याला तुमच्या आवारात रोगट झाड भेटू नये, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

ग्लॅडिओलस

आता मुख्य मुद्दा. पुण्याच्या हिवाळी बागेत स्वीट पीचा सर्वांत धोक्याचा शेजारी म्हणजे ग्लॅडिओलस.

दोन्ही एकाच हंगामातली, दोन्ही शोभिवंत, दोन्ही उन्हाची भुकेली. म्हणून हौशी माणूस ती शेजारी-शेजारीच लावतो. पण घेवड्याचा पिवळा मोझॅक हा ग्लॅडिओलसचा जुना विषाणू आहे आणि भारतात तो या पिकावर सर्रास सापडतो. घात असा की ग्लॅडिओलसवर तो फारसा दिसत नाही. पात्यांवर हलक्या फिकट रेघा, फुलांत किंचित रंगभंग, तोही लक्ष देऊन पाहिलं तर. झाड उभं, दांडा भरलेला, मालक खूश. त्याच झाडावर बसलेला मावा उठून दोन फुटांवरच्या स्वीट पीवर जातो आणि तिथे तोच विषाणू वेल बसवून टाकतो.

त्यात ग्लॅडिओलस कंदांतून वाढतो. विषाणू कंदात राहतो, त्या कंदाला सुटणाऱ्या पिलांत उतरतो, आणि पुढच्या वर्षी मातीतून रोगासकटच वर येतो. आपल्याकडे कंद उन्हाळ्यात उकरून, वाळवून, बुरशीनाशकात बुडवून ठेवायची पद्धत आहे. ती चांगली आहे, कंद कुजण्यापासून वाचवते, पण विषाणूला तिने काहीही होत नाही. वर्षानुवर्षं जपलेले, मैत्रिणींना वाटलेले, सोसायटीभर पसरलेले कंद म्हणजे वर्षानुवर्षं जपलेला विषाणूही असू शकतो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: एका गॅलरीत दोन्ही लावू नका. एक वर्ष स्वीट पी, एक वर्ष ग्लॅडिओलस असं करा, किंवा एकाच फुलाची आवड ठेवा. बंगल्याची बाग असेल तर दोन्ही शक्य तितकी लांब, मध्ये घर येईल अशी लावा. फ्रीझियाचे कंद लावत असाल तर तेही याच यादीत धरा. फुलदाणीत ठेवायला मार्केट यार्डातून ग्लॅडिओलसच्या दांड्या जरूर आणा. घरातल्या फुलदाणीतून धोका नाही. फक्त शिळ्या दांड्या कुंड्यांच्या कडेला टाकून ठेवू नका.

हंगामात नवी रोपं घरात येण्याची एक ठरलेली वेळ असते. जानेवारीच्या अखेरीला, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. आणलेली रोपं पहिले पंधरा-वीस दिवस स्वीट पीपासून वेगळी, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. त्यांच्या पानांच्या खालच्या बाजूला मावा आहे का, ते भिंग घेऊन बघा.

शेजाऱ्यांच्या यादीत पुढे येतात ते घरगुती भाजीचे वाफे. मेथी, मटार, घेवडा ही सगळी स्वीट पीची भावंडं, एकाच शेंगवर्गीय कुळातली, आणि हे विषाणू भावंडांत सहज फिरतात. घरच्या मेथीची जुडी वेळेवर खुडून संपवली तर तिचा त्रास नाही. फुलावर आलेली, बी धरायला सोडलेली, माव्याने चिकट झालेली मेथी मात्र स्वीट पीजवळ ठेवू नये. मोकळ्या प्लॉटच्या कडेला हिवाळ्यात पिवळ्या बारीक फुलांची रानमेथी उगवते. कुंपणाच्या आत आली तर उपटा. शहराच्या कडेला राहणाऱ्यांच्या शेजारी गुरांसाठी लावलेला लसूणघास असतो. तो वर्षभर हिरवा राहतो, त्यामुळे मावा आणि विषाणू दोघांनाही उन्हाळ्यातही आसरा मिळतो. दर कापणीनंतर त्यातला मावा उडून आजूबाजूला पसरतो. ते शेत तुमचं नसेल, पण त्या बाजूला स्वीट पी न लावणं तुमच्या हातात आहे.

वेळ, जाळी, चंदेरी कागद

रोप जितकं कोवळं असताना लागण होते तितकं नुकसान जास्त. चार पानांवर रोग लागलेली वेल फूल दाखवेलच असं नाही. पूर्ण वाढलेल्या वेलीला फेब्रुवारीत रोग लागला तर तोपर्यंत हंगाम निम्मा पदरात पडलेला असतो. म्हणून पहिले सहा आठवडे सांभाळा, बाकीचं बरंचसं आपोआप सांभाळलं जातं.

पेरणी कोजागिरीनंतर, परतीचा पाऊस थांबल्यावर करावी. सप्टेंबरात घाई केली तर बी कुजतं. डिसेंबरपर्यंत रेंगाळलं तर थंडीत आणि ढगाळ हवेत मावा वाढत असतानाच रोपं कोवळी सापडतात, आणि फुलं यायच्या वेळी मार्चचं ऊन येतं. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, ही पुण्यासाठी चांगली खिडकी. बी रात्रभर भिजवा. जे फुगत नाही त्याचं टरफल डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने किंचित खरवडा.

कोवळ्या रोपांना कीडरोधक जाळी घाला. इथे बहुतेक जण चुकीची जाळी आणतात. हिरवी शेडनेट सावली देते, मावा अडवत नाही. मच्छरदाणीच्या कापडाची भोकंही माव्याला पुरेशी मोठी असतात. टोमॅटोची रोपं करणारे जी ४० ते ५० मेशची पांढरी बारीक जाळी वापरतात ती मागा. शेतीसाहित्याच्या दुकानात ती मीटरवर मिळते. तारेच्या दोन कमानी कुंडीत खोचा, त्यावर जाळी टाका, खालून दोरीने आवळा. पाणी जाळीवरूनच द्या. वेल जाळीला टेकली की, साधारण पाच-सहा आठवड्यांनी, जाळी काढा आणि दोरीवर चढवा. मधमाशा आत येणार नाहीत म्हणून काळजी करू नका. स्वीट पीचं परागीभवन फूल उमलण्याआधीच, आतल्या आत झालेलं असतं.

जाळी काढल्यावर चंदेरी कागदाचं काम सुरू होतं. कलिंगड आणि मिरचीचे शेतकरी चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वाफ्यावर अंथरतात ते केवळ तणासाठी नाही. वरून उडणारा मावा आकाशाच्या उजेडावरून वर-खाली ओळखतो. खालूनही तसाच उजेड आला की त्याचा गोंधळ उडतो आणि तो उतरत नाही. गॅलरीत यासाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल चालतो. कुंडीच्या मातीवर चमकती बाजू वर करून पसरा, बुंध्याभोवती बोटभर जागा मोकळी सोडा, कडांना खडे ठेवा. वेलीने कागद झाकेपर्यंत त्याचा उपयोग होतो, आणि तेवढेच आठवडे महत्त्वाचे असतात. दुपारच्या प्रखर उन्हात खालची पानं भाजताना दिसली तर थोडा कागद दुमडून घ्या.

जमीन असलेल्यांनी पपईवाल्यांची युक्ती उचलावी. स्वीट पीच्या वाफ्याभोवती, विशेषतः ज्या बाजूने वारा येतो तिकडे, मक्याच्या दोन दाट ओळी लावाव्यात, आणि त्या स्वीट पीच्या तीन आठवडे आधी पेराव्यात. येणारा मावा आधी मक्यावर उतरतो, टोचतो, सोंड पुसून घेतो. मक्याला घेवड्याच्या पिवळ्या मोझॅकचं काही होत नाही. वर कणसं मिळतात.

खताबद्दल थोडक्यात. युरिया नको. स्वीट पी मुळांवरच्या गाठींतून आपला नत्र बराचसा स्वतः मिळवते. वरून नत्र ओतला तर लुसलुशीत शेंडा फुटतो आणि मावा त्यावरच बसतो. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी राख पुरे.

मग फवारणी करायचीच नाही का? करायची, पण तिच्याकडून काय मिळतं ते समजून. वेलीवर माव्याची वसाहत झाली तर ती मोडायलाच हवी, कारण तिथून पंखवाले निघतात आणि घरातल्या घरात रोग फिरतो. मुंग्यांची रांग दोरीवरून वर चढताना दिसली की समजा, वर मावा आहे. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात. सकाळी पाण्याची जोरदार धार शेंड्यांवर आणि पानांखाली मारली तर निम्मं काम होतं. उरलेल्यावर बागेसाठीचा पोटॅशियम साबण किंवा पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, आधी एका फांदीवर करून बघा. डायमेथोएट किंवा इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून असलेल्या गॅलरीत मारू नयेत. ती मधमाशांना मारतात, तुमच्या घराला त्रास देतात, आणि घेवड्याच्या मोझॅकपुढे तशीही थिटी पडतात.

उपटण्याआधी ओळखा

पान पिवळं पडलं म्हणजे विषाणू, असं मानून चांगल्या वेली उपटल्या जातात. पुण्याच्या काळ्या मातीत चुना भरपूर असतो आणि अशा मातीत लोह झाडाला मिळत नाही. मग वरची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, आणि हे सगळ्या वेलींवर एकसारखं दिसतं. हा रोग नव्हे; चिलेटेड लोह फवारलं की आठवड्या-दोन आठवड्यांत नवी पानं हिरवी येतात. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुतेक पाणी जास्त झालं आहे. पानांवर सुईच्या टोकाएवढे असंख्य पांढुरके ठिपके आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पिठासारखा थर बोटाने पुसला जातो तो भुरी. ढगाळ हवेत किंवा एकदम उकाडा झाल्यावर कळ्या गळतात, तोही हवेचा परिणाम.

विषाणूची खूण म्हणजे बेशिस्तपणा. एकाच पानावर फिकट आणि गडद भाग शिरांची पर्वा न करता पसरलेले, पान वेडंवाकडं, शेंडा खुजा, काही वेळा खोडावर तपकिरी रेघा. आणि हे सगळीकडे एकदम न दिसता एका-दोन वेलींवर आधी दिसतं.

फुलांतल्या रेघांबाबत सावध राहा. स्वीट पीचे काही वाण मुळातच रेघांचे, शिंतोड्यांचे असतात, आणि ते पाकिटावरच्या चित्रात दिसतं. एकरंगी म्हणून घेतलेल्या वेलीवर अचानक पांढरे फराटे आले, आणि पानंही आखडली, तरच विषाणूचा संशय धरा. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात ज्या रेघांच्या ट्युलिपसाठी लोकांनी घरंदारं पणाला लावली, त्या रेघा विषाणूच्याच होत्या. इंग्लंडमधल्या डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये त्या रेघा संसर्गाने येतात हे दाखवून दिलं. रंगभंग झालेलं फूल सुंदर दिसू शकतं. तरीही ते ठेवू नका.

खात्री पटली की वेल काढायची. थांबायचं नाही, टॉनिक द्यायचं नाही, रोगट शेंडा तेवढा खुडायचा नाही. विषाणू सगळ्या वेलीत असतो. पण काढण्याचीही एक रीत आहे. उभी वेल ओढली की तिच्यावरचा मावा उठतो आणि शेजारच्या वेलीवर जातो. म्हणून आदल्या संध्याकाळी तिच्यावर साबणाचं पाणी नीट फवारा, मावा मरू द्या. सकाळी तिथेच उभ्या-उभ्या तिच्यावर पिशवी चढवा, पिशवीत घेऊनच बुंध्यापाशी कापा, तोंड बांधा. मुळं नंतर काढा. हे विषाणू जिवंत पेशीबाहेर, कुजलेल्या पाल्यात टिकत नाहीत, त्यामुळे पाला ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये गेला तर चालेल; शेंगा मात्र आधी काढून सुक्या कचऱ्यात टाका. कुंडीतली माती फेकू नका. हे विषाणू मातीत राहत नाहीत, आणि पुण्यात गॅलरीपर्यंत माती आणणं किती कष्टाचं आहे ते ज्याचं त्याला ठाऊक.

स्वीट पीला हात फार लागतात. शेंडा खुडणं, तणावे काढणं, दोरीला बांधणं, आणि फूल रोज तोडणं, कारण तोडलं नाही तर शेंग धरते आणि फुलणं थांबतं. रोगट रस कात्रीवरून आणि नखांवरूनही पुढे जाऊ शकतो. ही वाट माव्याच्या वाटेइतकी मोठी नाही, पण उघडी ठेवायचं कारणही नाही. निरोगी वेलींवर आधी काम करा, संशयित वेलीला शेवटी हात लावा, मग हात आणि कात्री साबणाने धुवा. फुलं तोडताना वेलागणिक कात्री पुसायला साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं घट्ट पाणी एका वाटीत ठेवा. दुधातली प्रथिनं विषाणूला वेढून निकामी करतात, आणि तंबाखू-टोमॅटोच्या रोपवाटिकांत ही जुनी पद्धत आहे.

बी धरणाऱ्यांसाठी नियम एकच. ज्या वेलीवर जराही संशय आला तिचं बी ठेवू नये, कितीही आवडता रंग असला तरी. शेंगवर्गीय झाडांचे काही विषाणू बियांतूनही उतरतात, आणि बियांना चोळलेलं बुरशीनाशक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बियांविषयी आणखी एक, रोगाशी संबंध नसलेली पण सांगायलाच हवी अशी गोष्ट. स्वीट पीच्या शेंगा हुबेहूब मटारच्या धाकट्या शेंगांसारख्या दिसतात आणि त्या विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर शेंगा धरूच देऊ नका, आणि मटाराच्या वेलीशेजारी स्वीट पी लावू नका. विषाणूच्या दृष्टीनेही तो शेजार वाईटच.

इतकं करूनही निदान पटत नसेल तर पान-फुलाचा नमुना ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात विचारपूस करा. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुण्यातलं प्रादेशिक केंद्रही झाडांच्या विषाणूंवरच दीर्घकाळ काम करत आलं आहे. प्रश्न विचारायला संकोच करू नका. हौशी बागेतला रोग आणि शेतातला रोग एकच असतो, आणि मावा दोन्हीकडे जातो.

सोसायटीत राहणाऱ्यांना शेवटची विनंती. मावा तिसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर वाऱ्यासरशी जातो. तुमच्या गॅलरीत सगळं नीट असेल आणि वरच्या काकूंकडे पाच वर्षांचे ग्लॅडिओलसचे कंद असतील, तर तुमची जाळी आणि फॉइल अर्ध्यावरच थांबतात. ऑक्टोबरात बी टाकण्याआधी त्यांच्याकडे जा, हे सगळं समजावून सांगा, आणि नव्या निरोगी कंदांचा खर्च वाटून घ्या.